दुबार कोण – निराधार की शासन?

सरकारी कचेरीत 'दुबार' हा शब्द उच्चारला जातो तो नेहमी लाभार्थ्याला उद्देशून. दुबार शिधापत्रिका, दुबार नाव, दुबार अनुदान असे शब्दप्रयोग तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांच्या तोंडी रुळलेले आहेत. एकाच कामासाठी दोन खाती, तीन नमुने आणि चार समित्या निर्माण करणाऱ्या शासनाला मात्र हे विशेषण कोणी लावीत नाही. वृद्ध, विधवा, अपंग आणि ज्यांना स्वतःचे रक्षण स्वतः करता येत नाही अशा प्रौढ स्त्रीपुरुषांवर सार्वजनिक तिजोरीतून जो खर्च होतो, त्याचा हिशेब नीट मांडला, तर द्विरुक्ती निराधाराच्या मुठीत फारशी सापडत नाही. ती सापडते त्याला ती मूठभर रक्कम देण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो २०२४ पासून. त्या वर्षीच्या जुलैपासून राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. एकवीस ते पासष्ट वर्षे वयाच्या आणि अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले. अन्य शासकीय योजनेतून तितकीच वा अधिक रक्कम मिळणाऱ्या स्त्रिया अपात्र ठरविण्यात आल्या. छाननी झाली ती वाटप सुरू झाल्यानंतर. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख स्त्रियांची नावे वगळल्याचे शासनाने जाहीर केले. त्यांपैकी २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थी होत्या, तर १ लाख १० हजार पासष्ट वर्षांवरील होत्या. जुलै २०२५ मध्ये आणखी २६ लाख ३४ हजार खात्यांचे वाटप स्थगित झाले, आणि बहिणींच्या यादीत चौदा हजारांहून अधिक बंधू असल्याचेही उघडकीस आले. असल्या यादीची छाननी करू नये असे कोणी म्हणणार नाही. करदात्याचा पैसा एका नावावर दोनदा जाऊ नये, हे तत्त्व निर्विवाद आहे.

परंतु ज्या २ लाख ३० हजार स्त्रियांचा 'दुहेरी लाभ' बंद झाला, त्यांच्या बाबतीत नेमके काय घडले हे थोडे थांबून पाहावयास हवे. संजय गांधी निराधार योजना १९८० साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर रोगाने ग्रस्त अशा, कमावते कोणी नसलेल्या माणसांसाठी ती आहे. लाडकी बहीण योजना आली तेव्हा निराधार योजनेसाठी उत्पन्नाची वार्षिक मर्यादा २१,००० रुपये होती, आणि २०२३ च्या वाढीनंतर अनुदान होते दरमहा १,५०० रुपये. म्हणजे वर्षाला एकवीस हजारही न मिळणाऱ्या विधवेला जी रक्कम, तीच अडीच लाखांच्या घरातील सधवेलाही. दोहोंपैकी एकच घ्यावयाचे हा नियम लागू केला की निराधारपणाची जी अधिक झळ विधवेला सोसावी लागते, तिची शासनदरबारी किंमत शून्य ठरते! रकमा सारख्या म्हणून योजना सारख्या, असे हे अंकगणित आहे. एक योजना स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा असावा म्हणून, तर दुसरी अन्य आधारच नाही म्हणून. हेतूंचा हा भेद द्विरुक्तीच्या चाळणीतून सहज गळून पडला.

पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांची कथा याहून विचित्र. पासष्ट वर्षे पूर्ण होताच लाडक्या बहिणींच्या यादीतून नाव जाते आणि मग श्रावणबाळ योजनेचे दार ठोठवावे लागते. त्या दारावर मात्र पाटी होती एकवीस हजारांची. चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या मर्यादेत गरीब ठरलेली स्त्री सहासष्टाव्या वर्षी सधन कशी होते, याचा उलगडा अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात होणार नाही. दोन योजना एकमेकींवर येऊ नयेत याची काळजी जितकी घेतली गेली, तितकी त्या दोहोंमध्ये पडणाऱ्या खिंडीची घेतली गेली नाही.

ही खिंड राजधानीतून दिसत नाही. ती दिसते वेवजीसारख्या गावातून. तलासरी तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, गुजरातेतील सोळसुंब्याला लागून आहे. १९६० साली द्वैभाषिक राज्याची विभागणी झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, आणि जी गावे इकडे राहिली त्यांतून तलासरीची घडण झाली. १९४५ साली ज्या झरी गावी वारल्यांनी वेठबिगारी मोडण्याचा निर्धार केला, तेही याच तालुक्यातले. तालुक्यातील दहा माणसांपैकी नऊ आदिवासी आहेत. सीमा नकाशावर असली तरी व्यवहारात ती नाही: कारखान्यातील रोजंदारी पलीकडे, आगगाडीचे स्थानक पलीकडे, पुष्कळांचे सासर वा माहेर पलीकडे. खुद्द हद्द नेमकी कोठून जाते हाही वेवजी आणि सोळसुंबा यांच्यामधील प्रश्न अलीकडच्या वर्षांत जाहीर चर्चेत येऊन गेला.

अशा गावातील एखादी मुलगी पलीकडे दिली, तिचा नवरा वारला आणि ती भावाकडे परत आली, तर काय होईल? गुजरातेत विधवांसाठी 'गंगा स्वरूपा' योजना आहे. २०१९ पासून तिची रक्कम दरमहा १,२५० रुपये झाली. परंतु वास्तव्य सुटले की त्या राज्याशी असलेला तिचा संबंधही सुटतो. इकडे संजय गांधी योजनेसाठी महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला मागितला जातो. दोन्ही राज्यांची खाती तिचे नाव दोन याद्यांत येऊ नये म्हणून दक्ष आहेत. त्या दक्षतेचे फळ असे की, ते एकाही यादीत येत नाही.

ज्यांचे नाव यादीत येते त्यांचीही वाट सोपी नाही. तलाठी गावपातळीवर, तहसील कचेरी तलासरीला, प्रांत आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प डहाणूला, आणि २०१४ साली जिल्हा वेगळा झाल्यापासून जिल्ह्याची खाती पालघरला, अशी ही उतरंड. उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे हे त्याने स्वतः जाऊन पटवावयाचे. प्रत्येक हेलपाट्याची किंमत एक दिवसाची मजुरी अधिक प्रवासखर्च. वृद्धाबरोबर कोणी नातलग जात असेल तर मजुरी दोघांची बुडते. ही रक्कम कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. म्हणून काटकसरीच्या हिशेबात ती कोणी धरीतही नाही.

या दाखल्यांपैकी एकाचा इतिहास उद्बोधक आहे. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यातील वृद्धांचे निवृत्तिवेतन आरंभी दरमहा ७५ रुपये होते; २००६ मध्ये ते २०० झाले, आणि ऐंशीपेक्षा कमी वयाच्या वृद्धांसाठी ते तेथेच थांबले. दरम्यान किमती इतक्या चढल्या की त्या २०० रुपयांत आज तेव्हाच्या एक तृतीयांश मालही येत नाही. हा केंद्राचा वाटा मिळण्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते, आणि महाराष्ट्रात त्या यादीचा आधार २००२ सालचे सर्वेक्षण. ज्या वृद्धाचे नाव त्या यादीत आहे त्याला २०० रुपये केंद्राचे आणि उरलेले राज्याचे. ज्याचे नाही त्याला संपूर्ण रक्कम राज्याची. हाती पडणारा आकडा दोघांचाही एकच. मग यादीतील नावाचा पुरावा लागतो तो कशासाठी? दिल्ली आणि मुंबई यांनी आपसात कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्च टाकावा, एवढे ठरविण्यासाठी. दोन सरकारांच्या हिशेबवहीतील एका रकान्यासाठी कागदपत्रे गोळा करण्याचे काम वेवजीच्या म्हाताऱ्याने करावयाचे, अशी ही व्यवस्था. याच कार्यक्रमाच्या निधीतून २ कोटी ८३ लाख रुपये अन्य योजनांच्या जाहिरातींसाठी वळविण्यात आल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात नमूद केले आहे, हे येथे जाता जाता सांगावयास हवे.

रोख रकमेचे सोडून वस्तूंकडे वळले की द्विरुक्ती अधिकच उघडी पडते. कानाने कमी ऐकू येणाऱ्या सत्तर वर्षांच्या गरीब माणसाला श्रवणयंत्र हवे आहे असे समजा. अपंगांना साहाय्यक उपकरणे देणारी केंद्राची योजना १९८१ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना तीच उपकरणे देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना केंद्रानेच २०१७ मध्ये काढली. तिची अंमलबजावणी आणि पहिल्या योजनेतील पुष्कळसा पुरवठा ही कामे कानपूरच्या एकाच सरकारी महामंडळाकडे आहेत. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर करून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकांची खुर्ची यांच्या खरेदीसाठी पासष्ट वर्षांवरील गरजूंना एकदाच ३,००० रुपये देऊ केले. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावयाची असतेच. एका श्रवणयंत्राला चार दारे झाली. परंतु त्या यंत्राची विद्युतघटिका संपल्यावर नवी कोणी द्यावयाची, ते बिघडल्यास दुरुस्त कोठे करावयाचे, यासाठी पाचवे दार नाही. वाटपाचा समारंभ होतो, छायाचित्र निघते. दुरुस्तीचा समारंभ होत नाही. चारही योजनांचा जोर नवे यंत्र देण्यावर का, याचे उत्तर बहुधा येथेच दडलेले असावे.

खरी चिंता आहे ती याच्याही पुढची. अनुदान म्हणजे संरक्षण नव्हे. एकाकी वृद्धेच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा झाले, पण ते काढून आणणारा पुतण्या तिच्या हाती पाचशेच ठेवीत असेल, तर योजनेच्या अहवालात ती 'लाभार्थी' आणि प्रत्यक्षात उपाशी. दमडीच्या जमिनीच्या तुकड्यावरून अंगठा उठवून घेतला जातो. मतिमंद प्रौढाला मजुरीवर नेऊन मजुरी दुसराच उचलतो. आदिवासी पट्ट्यात एकट्या बाईवर 'भुताळी' असा शिक्का मारून तिला गावाबाहेर घालविण्याचे प्रकार नवे नाहीत, आणि अशा आरोपामागे अनेकदा देवभोळेपणापेक्षा वारसाहक्काचा वाद अधिक असतो. हे अपराध रोखण्यासाठी किती कायदे आहेत? वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगतो. मतिमंद आणि बहुविकलांग व्यक्तींचे पालकत्व ठरविण्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्ह्याला स्थानिक समिती दिली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी आणला; २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताच्या पातळीवर न्यायाधिकरण; २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने पोलिसांत दक्षता अधिकारी; आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे नेण्याची सोय.

सहा कायदे, सहा तक्रारींचे मार्ग. आणि त्यांतील बहुतेक मार्ग महसूल व पोलिस खात्यांच्या त्याच मोजक्या अधिकाऱ्यांच्या टेबलाशी येऊन थांबतात. ज्यांच्या माथी निवडणूक, पूर, टंचाई, जमीनमोजणी आणि मंत्र्यांचे दौरे आहेत, त्यांच्याच. कायदा करताना लोकसभेत वा विधानसभेत भाषणे झाली, पण बहुतांश वेळा जुन्याच अधिकाऱ्याला नवे नाव देण्यापलीकडे तरतूद झाली नाही. कागदावर पाहणाऱ्यास येथे द्विरुक्ती दिसेल आणि काटकसरीचा मोह होईल. वास्तविक येथे आहे ती उणीव. सहा रक्षक नेमून एकाचेही वेतन ठेवले नाही, असा हा प्रकार आहे. जिच्यावर 'भुताळी'चा आरोप झाला ती वृद्ध आहे, विधवा आहे, कदाचित दृष्टिहीनही आहे. तिने सहांपैकी कोणत्या कायद्याखाली यावे हे तिला कोण सांगणार? तिच्या झोपडीपर्यंत महिन्यातून एकदा जाऊन 'पैसे मिळाले काय, कोणी त्रास देते काय' असे विचारणे, हे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नाही.

अमेरिकेत २०१० साली संमत झालेल्या एका कायद्यान्वये तेथील संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेवर सरकारी कार्यक्रमांतील द्विरुक्ती शोधून काढण्याचे काम सोपविण्यात आले, आणि २०११ पासून ती दरवर्षी असा अहवाल देत आली आहे. त्या अहवालांत केलेला एक भेद आपल्याकडे उपयोगी पडण्याजोगा आहे. काम अनेक खात्यांत विखुरलेले असणे वेगळे, दोन कार्यक्रमांची क्षेत्रे एकमेकांवर थोडीफार येणे वेगळे, आणि तेच काम त्याच माणसासाठी दोनदा होणे वेगळे. तिन्ही रोगांना एकच औषध नाही. त्याच २०१० साली तेथे वृद्धांच्या छळाविरुद्धचा कायदाही झाला, आणि त्याने केंद्रीय खात्यांची समन्वय परिषद नेमली. आपल्याकडे तिन्ही रोगांना 'दुबार' हे एकच नाव आणि नाव कापणे हा एकच उपचार.

तथापि याबाबत परदेशाकडे पाहण्याची फारशी गरज नाही. महाराष्ट्राने स्वतःच एकदा हा पेच उत्तम रीतीने सोडविला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभारण्यास १९७५ चा व्यवसाय कर होता. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या वेतनपत्रकावर तो आजही दरमहा दिसतो. पुढे २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. एकाच मजुराला एकाच कामासाठी दोन कायदे झाले. राज्याने तेव्हा आपली योजना गुंडाळली नाही, आणि मजुराला 'दोहोंपैकी एक निवड' असेही म्हटले नाही. २००६ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती करून दोन्हींची सांगड घालण्यात आली: कुटुंबामागे शंभर दिवसांचा भार केंद्राच्या निधीतून, त्यापुढील हमी राज्याची. मजुराकडे ओळखपत्र एकच. हिशेब सरकारांनी आपसात करावयाचा. अंमलबजावणीत दोष पुष्कळ राहिले, मजुरी महिनोन् महिने थकली, हे खरे. पण जोडणीची रीत योग्य होती.

एकत्रीकरणाची दुसरीही एक रीत असते, आणि तिच्यापासून सावध राहावयास हवे. खाती एकत्र करण्याच्या गोंडस नावाखाली दुबळ्या खात्याचा पैसा बलवान योजनेकडे जातो. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळविण्यात आले. लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियाही आहेत, म्हणून तो खर्च त्यांच्याच वाट्याचा, हा त्यामागील तर्क. असे केल्याने एकच रुपया आदिवासी उपयोजनेतही दिसतो आणि बहिणींच्या योजनेतही. दुबार लाभार्थी शोधणाऱ्या शासनाने या दुबार रुपयाचाही शोध घेतला तर बरे. आदिवासींचा निधी निरनिराळ्या खात्यांत हरवून जाऊ नये म्हणून सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३-९४ पासून तो आदिवासी विकास विभागाच्या हाती एकत्र देण्याची पद्धत महाराष्ट्रानेच घालून दिली होती, आणि पुढे अन्य राज्यांपुढे ती आदर्श म्हणून ठेवली गेली. ती पद्धत मोडावयाची असेल तर तसे उघडपणे सांगून मोडावी.

तेव्हा एकत्र करावयाची ती दारे, हेतू नव्हेत. एका माणसाने एकदाच अर्ज करावा, पुरावा एकदाच द्यावा. तो कोणत्या योजनेत बसतो आणि पैसा दिल्लीचा की मुंबईचा, हे कचेरीने पाहावे. डिसेंबर २०२४ पासून निराधार व श्रावणबाळ योजनांचे पैसे थेट खात्यात जमा करण्याची एकत्रित प्रणाली राज्याने सुरू केली आहे. ज्या यंत्राला दोनदा आलेले नाव सापडते, त्याच यंत्राला पासष्टी पूर्ण झालेल्या बाईचे नाव श्रावणबाळकडे आपण होऊन पाठविता आले पाहिजे. यंत्राला फक्त वगळण्याचीच आज्ञा दिली असेल तर दोष यंत्राचा नाही. निराधार स्त्रीला मिळणारी रक्कम सर्वसाधारण योजनेपेक्षा ठळकपणे अधिक ठेवावी. मग 'दुहेरी लाभ' हा प्रश्नच उरत नाही. आणि नवी योजना मांडणाऱ्या मंत्र्याने, ती कोणत्या जुन्या योजनेचे काम करणार आहे व त्या जुन्या योजनेच्या पैशाचे पुढे काय होणार, याचे विवरण विधिमंडळापुढे ठेवण्याची प्रथा पडावी. ही अपेक्षा लोकप्रिय होणार नाही. प्रत्येक सरकारला स्वतःच्या नावाची योजना हवी असते, आणि विलीनीकरणाच्या फलकावर कोणाचेच छायाचित्र लागत नाही.

उपकरणांची चार शिबिरे एकावर आणली, दाखल्यांचे हेलपाटे वाचविले, तर जो पैसा आणि मनुष्यबळ सुटेल ते चार-पाच गावांमागे एका माणसाकडे लावावे. वारली आणि गुजराती दोन्ही बोली जाणणारी, पाड्यापाड्यांतून फिरणारी, सहाही कायद्यांखालची तक्रार एकाच वहीत लिहून घेणारी आणि ती योग्य त्या टेबलापर्यंत पोहोचविणारी अशी कार्यकर्ती हवी. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळू लागला. ग्रामसभेने असे काम त्यातून करू म्हटल्यास नियमांनी त्याला वाट ठेवावी.

तूर्त एवढेही होण्यासारखे नसेल तर एक लहानशी गोष्ट होऊ शकते. ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील नियमांनी आपल्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवण्याचे काम प्रत्येक पोलिस ठाण्याला दिले आहे. निराधार आणि श्रावणबाळ योजनांची यादी तहसील कचेरीत असतेच. तलासरीत या दोन्ही याद्या एका टेबलावर आणून, एकीत असलेले आणि दुसरीत नसलेले नाव शोधण्यास नवी तरतूद नको, नवा शासननिर्णय नको. तहसीलदारांचे पोलिस ठाण्याला एक पत्र आणि एका कारकुनाची दोन दुपारी एवढे पुरेसे आहे.